भावकीचे मासे

आमच्या व्याह्यांइतका चिकित्सक माणूस पंचगंगेच्या अलीकडे नाही, आणि पलीकडे असलाच तर मला त्याची ओळख करून घ्यायची नाही. एकाच चिकित्सक माणसापुढे मान खाली घालताना माझी पुरेवाट झाली आहे.

हे माझ्या मुलीचे सासरे. कागलला राहतात. थोडा ऊस, दोन म्हशी आणि माजघरात शिवणयंत्राच्या जुन्या स्टँडवर काचेची मोठी टाकी, माशांची. विहीणबाई गेल्या, मुलगा आणि सून बंगळूरला. तेव्हा घरात बोलायला म्हशी आणि मासे. त्यातल्या म्हशी उलट बोलतात, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी सकाळच्या एस.टी.नं कोल्हापुरात यायचं, राजारामपुरीत आमच्याकडे चहा घ्यायचा आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या माशांच्या दुकानात जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. माझ्या मुलीचं स्थळ त्यांनी एका चहात पसंत केलं होतं. "पोरगी चांगली हाय, तारीख काढा," एवढं बोलून बशी खाली ठेवली. मुलगी सासरी गेल्यावर घर ओकंबोकं झालं म्हणून मी एक टाकी आणली, तर तिच्यातले मासे पसंत करायला मात्र त्यांना चार रविवार लागले.

दुकानात टाकीसमोर स्टूल ओढायचं, खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घ्यायचा आणि तासभर बघत राहायचं. कोण आधी खातो, कोण कुणाला ढकलतो, कोण कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. "जेवताना खानदान कळतंय, पावणं," असं मला कानात सांगायचे. मासे ऐकतील म्हणून आवाज बारीक. एरवी त्यांचा बारीक आवाज मी कधी ऐकलेला नाही. माशांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या: एकांडे आणि भावकीचे. कळपानं फिरतात ते भावकीचे. ते सहाच्या खाली न्यायचे नाहीत, आठ असले तर उत्तम. एकदा कॉलेजातली एक मुलगी पिशवीत एकच निऑन टेट्रा घेऊन निघाली, तर हे पायरीवर आडवे. "बाळ, एकट्याला न्हिऊ नगं. त्यो जगंल, पर नांदायचा न्हाई." मुलगी बिचकली, मासा परत टाकीत गेला आणि दुकानदारानं कपाळाला हात लावला. मी तेव्हा रस्त्यावरच्या रिक्षा मोजत असल्याचं सोंग केलं. माणूस आपला आहे हे चारचौघांत कबूल करायची मला लाज वाटली, हे आता लिहून टाकतो.

चौथ्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी आठ झेब्रा मासे निवडले. बोटाएवढेही नाहीत, अंगावर निळे पट्टे. घरात नाइट पायजमे पोहत असल्यासारखं दिसे. त्यातल्या एकाची शेपटी जरा वाकडी. "त्यो खोडकर हाय, पर मनानं चांगला," असं प्रशस्तिपत्रही मिळालं. मी मान डोलावली. मला खरं तर रंगीबेरंगी, एकेक नमुना हवा होता, आल्यागेल्यानं "वा!" म्हणावं असा. बुधवारी मी गुपचूप ते आठ परत देऊन आलो आणि एक एंजल, एक टायगर बार्ब, आणखी दोन-तीन एकेकटे असे घेऊन आलो.

रविवार उजाडला, आता व्याही येऊन टाकी बघणार. मी व्याह्यांना फोन लावला. "आज येऊ नका, आम्ही नृसिंहवाडीला निघालोय."

"व्हय? बरं बरं, जाऊन या," ते म्हणाले. "दत्ताला माझाबी नमस्कार सांगा. आन् परसाद तेवढा ठेवा माझ्या वाटणीचा."

दिवसभर मी घरातच होतो. बायको माझ्याशी बोलत नव्हती, आणि एकट्या पडलेल्या बार्बनं त्या दिवशी एंजलचे पंख कुरतडायला घेतले.

खोटं बोलणाऱ्याला प्रसाद आणावा लागतो, हे मला आधी सुचलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर पेढे घेऊन मी कागलला गेलो. व्याह्यांनी हातपाय धुतले, खोका दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. तेव्हा मला झाकण दिसलं. त्यावर लाल अक्षरांत दुकानाचं नाव आणि खाली ठसठशीत 'राजारामपुरी, कोल्हापूर'. मी डबा बदलायचा विसरलो होतो.

त्यांनी झाकण काढलं, अक्षरं खाली जातील असं उलटं केलं, खोका त्याच्यावर ठेवला आणि देवापुढे सरकवला. एक पेढा मला दिला, एक स्वतः खाल्ला. "दर्शन झालं न्हवं नीट?"

"झालं," मी म्हणालो. त्या क्षणी भुईनं मला पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

मग त्यांनी मला टाकीपाशी नेलं. निळ्या पट्ट्यांचे आठ मासे एका ओळीत वळत होते. शेवटच्याची शेपटी वाकडी.

"तुमचा फोन आला तवा मी एस.टी.त हुतो. आलोच हाय म्हणून दुकानात गेलतो," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "बघतोय तर ह्ये. म्हटलं, ओळखीचं दिसत्यात. तुमच्या टाकीत जागा झाली की न्या."

एवढंच. ना रुसवा, ना टोमणा. मोठ्यानं भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

एंजल गेला. बार्बला दुकानदारानं पुन्हा त्याच्या भावकीत घेतलं, उरलेले एकेकटेही परत गेले. माझ्या टाकीत आता नुसतं पाणी फिरतंय. व्याही रविवारी येत नाहीत. गुडघा धरतो म्हणतात. फोन मात्र करतात आणि "पाणी बरं हाय न्हवं?" एवढंच विचारतात.

या रविवारी मी वाडीला जाणार आहे, खराखुरा. तिथून परस्पर कागलला जाऊन सगळं कबूल करायचं, आणि मासे दिले तर पिशवी मांडीवर घेऊन घरी यायचं. दिले नाहीत तरी जायचंच आहे. त्यांनी दत्ताला सांगायला दिलेला नमस्कार अजून माझ्याकडेच पडून आहे.