दोन गाडग्यांतली मेथी

"बोलू नोका भाऊ, आधी पान पाहा." असं म्हणून ती समोरच्याच्या तळहातावर पान ठेवायची. जऊळक्याच्या बाजूला ओढ्याकाठी तिचा भाजीचा मळा होता. ती राहायची आमच्याच आळीत; तिथं कुणाची तुळस सुकली तरी बोलावणं तिलाच जायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल.

जर्मनीच्या लढाईच्या आधी ओढ्यावर सूत रंगवायचा कारखाना निघाला. मी तिथं कारकून झालो. वर्षभरात तिच्या मेथीच्या कडा जळू लागल्या.

"कीड असेल," मी म्हणालो.

"कीड खाते भाऊ, जाळत नाही."

काही दिवसांनी ती दोन गाडगी घेऊन कारखान्याच्या ओट्यावर आली. माती एक, बी एक. एकाला आळीच्या विहिरीचं पाणी घातलेलं, दुसऱ्याला मारुतीच्या देवळामागच्या विहिरीचं. देवळामागच्या पाण्यावर मेथी तरारली होती. आळीच्या पाण्यावरची उगवताच करपली होती.

"तुमचं रंगाचं पाणी विहिरीत झिरपून राह्यलं. लोक तेच पिऊन राह्यले. मालकाले सांगा."

मी सांगितलं. मालक म्हणाले, "लोकांची समजूत तुम्हीच काढा." मी दारोदार जाऊन पाणी चांगलं असल्याचं सांगून आलो. लिहिणारा-वाचणारा माणूस म्हणून लोकांनी ऐकलं. तिच्या सुनेनंही ऐकलं. देवळाची विहीर लांब, त्यात ती पोटुशी. सासू मळ्यात गेली की ती जवळचंच पाणी भरायची. "भाऊ म्हनतात तं चांगलंच असंन," म्हणायची.

माझी बायको मात्र त्याच दिवसापासून देवळामागून पाणी आणू लागली. मीच तिला तसं सांगितलं होतं.

उन्हाळ्यात सून ओकाऱ्यांनी गेली, पोटातल्या बाळासकट. वैद्यानं कारण दुसरंच सांगितलं. मी ते चार ठिकाणी बोलून दाखवलं.

मळा दुसऱ्याला देऊन ती लेकीकडे शिरपूरला निघाली, तेव्हा बैलगाडी आमच्या दारात थांबली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो हातात धरून ठेवला.

"कोन्या विहिरीचं हाय, बाई?"

बायको माझ्याकडे बघू लागली.

"देवळामागच्या," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. सावकाश सगळं पाणी प्यायली, तांब्या ओसरीवर ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"चांगलं हाय," म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.