पेटीतलं हेल्मेट

आज माझं कपाळ शाबूत आहे ते धुळ्याच्या पोलीस मुख्यालयातल्या नानांमुळे. नाना म्हणजे स्टोअरचे हवालदार. हे आधीच लिहून टाकतो; पुढे लिहिताना घाबरलो तर राहून जाईल.

मी तळकोकणातला. बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि भरतीच्या रांगेतून थेट खानदेशात आलो. अंगावर खाकी चढली तरी भीती सुटली नव्हती. साहेबाची, कागदाची, घरी परत पाठवतील याची. सरकारनं नवंकोरं हेल्मेट दिलं तेव्हा आनंद झाला आणि झोपही उडाली. ओरखडा पडला तर? बराकीतली रीत आयतीच होती. हेल्मेट बनियनमध्ये गुंडाळून पेटीत ठेवायचं. ते बाहेर निघायचं वार्षिक तपासणीला. खाटेवर चादर अंथरून किट मांडायचं, साहेब बघून गेले की पुन्हा पेटीत. बंदोबस्ताला आपली साधी टोपी.

एकदा शेजारच्या जिल्ह्यात, एरंडोलकडे कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता; आम्हाला कुमकेला बोलावलं. निघण्याआधी ट्रकपाशी ढाली वाटताना नानांनी माझी टोपी पाहिली. जुन्यांना सांगून ते थकले होते. मी नवा, म्हणून सापडलो.

“हेल्मेट कोठे शे?”

“पेटीत, नाना. खराब होईल म्हणून...”

“सरकारनी ते पेटीले दिधं का तुना डोकाले? पळ!”

मी बराकीत पळालो, हेल्मेट घेऊन आलो. ट्रक माझ्यासाठी खोळंबलेला, वर सगळे खिदळताहेत. “थांबा रे, नवरदेवाला फेटा बांधायचाय!” नानांनी स्वतः हनुवटीखाली पट्टा आवळला, इतका की जांभईसुद्धा देता येईना.

सकाळी शेतकरी आम्हाला भुईमुगाच्या शेंगा देत होते. “घ्या भाऊ, तुम्ही बी आमचेच.” दुपारी कुठं बिनसलं कळलं नाही. एक दगड आला आणि डोक्यात घंटा वाजली. चाचपून पाहिलं, रक्त नाही. हेल्मेटला मात्र बोटभर चीर. मी रस्त्यातच बसलो, आणि मनात आलं काय, तर आता तपासणीला काय मांडू?

तपासणी आलीच पुढच्या आठवड्यात. बाकी खाटांवर आरशासारखी हेल्मेटं, माझ्या खाटेवर ती चीर. साहेब थांबले. “हे काय?” गेली नोकरी, एवढंच कळत होतं.

मागून नाना म्हणाले, “साहेब, या रांगेत वापरलेलं हेल्मेट एवढंच आहे.”

साहेब त्या चिरेवरून बोट फिरवत राहिले. मग चकाकणारी रांग न्याहाळून म्हणाले, “पुढच्या बंदोबस्ताला सगळ्या पेट्या रिकाम्या पाहिजेत.”

दुपारी नानांनी मला नवं हेल्मेट दिलं. सही घेताना म्हणाले, “हे बी फुटू दे भाऊ, दुसरं देसू. डोकं मातर स्टोअरमा मिळत नही.”

नाना आता निवृत्त होऊन एरंडोलजवळ आपल्या गावी असतात. गेल्या दिवाळीत मला न्यायला स्टँडवर आले ते स्कूटरवर, आणि उघड्या डोक्यानं! मी मागे बसलो. त्यांच्यापुढे अजून जीभ रेटत नाही. पण एक दिवस चांगलंसं हेल्मेट घेऊन जाईन, त्यांच्या डोक्यावर चढवीन आणि पट्टा मी स्वतः आवळीन. जांभई देता येऊ नये इतका.