फोटू उना का?

"फोटू उना का, भो?" दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून, चष्मा पदराने पुसत मावशी विचारायच्या. आत कधी येत नसत. फोटो आला का, एवढंच हवं असायचं.

गोडादऱ्यात, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांच्या वस्तीत, माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मावशी शेजारच्या गल्लीत साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही धड दिसत नसे.

दोन वर्षांपूर्वी एक नावाजलेला फोटोग्राफर आला. देशोदेशी फिरून 'परंपरा जपणाऱ्या' माणसांचे फोटो काढणारा. त्याला गोंदलेली म्हातारी हवी होती, आणि मला, खरं सांगतो, त्याच्या कॅमेऱ्याशेजारी मिरवायचं होतं. मी मावशींना गच्चीवर नेलं. त्याला प्लास्टिकची खुर्ची नको, छापील साडी नको, चष्मा तर नकोच. शेवटी माझ्या आईचं जुनं लुगडं नेसवलं. मावशी हसून म्हणाल्या, "मनं लगीन लाई राहिनात का?"

मग त्याने हातावरच्या गोंदणाचा अर्थ विचारला.

"काय इचारी राहिना तो?"

मी सांगितलं.

"नाव शे म्हनी सांग ना त्याले. जत्रामा पोर हरपनी तं कोनी वाचीसन घर आनी दी."

पोर जत्रेत हरवली तर कुणीतरी वाचून घरी आणून सोडावं, म्हणून आईने लहानपणीच नाव गोंदवून घेतलं होतं. मी 'नाव आहे' म्हटलं आणि त्या गृहस्थाचा चेहरा पडला. तिथे मी शहाणपणा केला. नजर लागू नये म्हणूनही असतं, असं ठोकून दिलं. स्वारी खुलली, लगेच वहीत लिहून घेतलं.

जाताना एक प्रत पाठवतो म्हणाला. मावशींना तेवढंच पाहिजे होतं, आपण गेल्यावर घरात राहायला. "मना मांगे भितवर लावाले एक तं जोयजे ना."

पुढे वर्षभर तोच प्रश्न. माझ्या मेलना उत्तर नाही. तुम्ही म्हणाल, स्टुडिओ तुझा, मग तूच का नाही काढलास? दहा मिनिटांचं काम होतं. पण मी म्हणायचो, "थांबा मावशी, मोठ्या माणसाचा फोटो येतोय." याची मला अजून लाज वाटते.

मावशी गेल्या. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मी मोठा करून दिला. अंधुक, खांद्यावर परक्या बाईचं कोपर, चष्म्यावर फ्लॅशचा ठिपका. तोच भिंतीवर लागला.

गेल्या महिन्यात त्या फोटोग्राफरच्या वेबसाइटवर मावशी दिसल्या. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, भटक्या जमातीतली अनाम वृद्धा, हातावर वाईट नजर टाळणारी प्राचीन चिन्हं. अनाम म्हणे! हातावरचं नाव इतकं स्वच्छ उतरलंय की दुसरीतलं पोरही वाचेल.

मोठी प्रिंट काढून मी त्यांच्या मुलाकडे गेलो. तो लूमवरून नुकताच आला होता. प्रिंट दाराच्या उजेडात धरून त्याने बघितली.

"मनी मायना चष्मा कोठे शे?"

तोच राहू दे म्हणत त्याने भिंतीवरच्या अंधुक फोटोकडे बोट दाखवलं. प्रिंट गुंडाळून मी परत आलो. तो चष्मा त्या दिवशी मीच त्यांच्या डोळ्यांवरून काढून माझ्या खिशात ठेवला होता.