वाचनालयातली अमेरिका

अमेरिकेवर माझा राग फार जुना. मी लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. मुंबई आणि पुणे सोडून तिसरं शहर पाहिलेलं नव्हतं, पण अमेरिकेतल्या भांडवलदारांना मी चांगला ओळखून होतो. मुंबईला गिरणी कामगारांत काम करणारा माझा एक मित्र होता. वाचून झालेली मासिकं आणि पत्रकं तो माझ्याकडे धाडायचा. त्यांतून मला कळलं होतं, की तिकडे भाव पडू नये म्हणून गहू जाळतात, दूध गटारात ओततात आणि त्याच गावात लोक फुकटच्या पावासाठी रांगेत उभे असतात. मी जेवताना हे बायकोला सांगत असे. ती ताटात भात वाढता वाढता म्हणे, "उद्या आपल्या पेठेत रॉकेल येणार आहे. त्या रांगेचंही बघा जरा."

महायुद्धाची शेवटची वर्षं होती. आसामकडच्या जंगलात आजारी पडलेले काही अमेरिकन सोल्जर हवापालटासाठी आमच्याकडे आणले होते. वलवणच्या अंगाला त्यांचे तंबू पडले. आतापर्यंत छापील कागदावर पाहिलेली अमेरिका मला बाजारात चिक्की खाताना दिसायला लागली. खरं सांगायचं तर ती मला आवडली. पोरं हसरी, मोकळी, भाव न करता पैसे टाकणारी. त्यांच्याविषयीचा राग टिकवून धरायला मला पुन्हा पुन्हा मासिकं उघडावी लागत.

एक गोष्ट मात्र मासिकांत होती तशीच समोर दिसली. काळ्या सोल्जरांचे तंबू वेगळे होते, ओढ्याच्या पलीकडे. गोरे संध्याकाळी बाजारात यायचे तेव्हा काळे ट्रक धूत असायचे.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. माणूस हुशार, स्वच्छ, देशभक्त. खादी घालायचे आणि अमेरिकेला 'लोकशाहीचं माहेर' म्हणायचे. इंग्रजांच्या राजाला लाथाडणारा देश म्हणून त्यांना अमेरिकेचं भारी कौतुक. माझं आणि त्यांचं यावरून नेहमी वाजायचं. आणखी एका गोष्टीवरून वाजायचं. रेल्वेच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारा एक सांधेवाला होता, वलवणच्या महारवाड्यातला. अंगापिंडाने मजबूत, आवाज खणखणीत, बोलायला कुणाच्या बापाला न भिणारा. त्याला वर्तमानपत्राचा विलक्षण नाद. ड्यूटी संपली की तो वाचनालयाच्या व्हरांड्यात येऊन उभा राही. मी आतून खिडकीच्या गजांतून त्याला पेपर देई आणि तो उभ्या उभ्या पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचून काढी. आत यायची त्याला मनाई होती असं नाही. तसा नियमच नव्हता. फक्त तो आत येत नसे आणि त्याने यावं असं कुणी म्हणत नसे.

मी दोनदा त्याचं नाव सभासद म्हणून सुचवलं होतं. दोन्ही वेळा वकीलसाहेब अतिशय गोड आवाजात म्हणाले, "मला व्यक्तिशः काहीच अडचण नाही. पण समाजाची तयारी व्हायला हवी. हळूहळू होईल. घाई केली तर उलट त्यांचंच नुकसान." मग विषय पुढच्या सभेवर जाई.

तर त्या छावणीतल्या एका कप्तानाला वकीलसाहेबांनी वाचनालयात भाषणाला बोलावलं. विषय होता 'अमेरिकेतील लोकशाही'. दुभाषा म्हणून मला धरलं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, मला पटत नाही ते माझ्या तोंडून लोकांना सांगायला लावताय."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," ते म्हणाले. "तुमच्या तोंडून ते एकदा तरी निघू दे."

रविवारी दुपारी जीप आली. कप्तान उंच, तांबूस, आजारातून नुकताच उठलेला, पण आवाज छान होता. जीप चालवणारा सोल्जर काळा होता. तो झाडाच्या सावलीत गाडी लावून तिथेच बसून राहिला. आत गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. पुढे अत्तराचा वास, मागे तपकिरीचा. सांधेवाला नेहमीच्या खिडकीशी, बाहेर.

कप्तान अर्धा तास बोलला. माणूस जन्माने समान असतो, आमच्याकडे सुताराचा मुलगाही देशाचा प्रमुख होऊ शकतो, कुणीही सरकारला तोंडावर शिव्या देऊ शकतो. मी प्रत्येक वाक्य इमानदारीने मराठीत आणत होतो. वकीलसाहेब पहिल्या खुर्चीवरून माझ्याकडे पाहून मिशीत हसत होते. माझ्याही लक्षात आलं, की मराठीत ही वाक्यं फार चांगली वाटतात.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. एका व्यापाऱ्याने अमेरिकेत साखरेचा भाव काय ते विचारलं. एका शास्त्रीबुवांनी तिथे गाई पाळतात का ते विचारलं. मग खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"मास्तर, सायबाला इचारा, त्यो भाईर बसलेला काळा सोल्जर. त्यांच्या गावात असं वाचनालय असतंय, तितं त्याला आत बसू देत्यात का?"

सभेत चुळबूळ झाली. मी प्रश्न इंग्रजीत केला, जसाच्या तसा. कप्तानाने एकदा घसा साफ केला आणि अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. त्याला व्यक्तिशः काही अडचण नव्हती. पण दक्षिणेकडच्या समाजाची अजून तयारी झालेली नव्हती. हळूहळू होईल. घाई केली तर उलट त्या बिचाऱ्या काळ्यांचंच नुकसान होईल.

दुभाषाच्या आयुष्यात असा क्षण क्वचित येतो. मला शब्द शोधावेच लागले नाहीत, सगळं भाषांतर तयारच होतं. मी सभेकडे तोंड केलं आणि म्हणालो, "साहेब म्हणतात, मला व्यक्तिशः काहीच अडचण नाही. पण समाजाची तयारी व्हायला हवी. हळूहळू होईल. घाई केली तर उलट त्यांचंच नुकसान."

मागच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं. सगळ्या माना वकीलसाहेबांकडे वळल्या. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं, त्यामुळे मी एक शब्दही पदरचा घातला नाही हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं होतं. त्यांचे कान लाल झाले.

कप्तानाला हसण्याचं कारण कळेना. त्याने विचारलं, "हा प्रश्न विचारणारा माणूस बाहेर का उभा आहे? इथे तर खुर्च्या रिकाम्या आहेत."

मी म्हटलं, "ते आमच्या अध्यक्षांना विचारावं."

वकीलसाहेब काहीतरी पुटपुटले. त्यांना बाहेरच बरं वाटतं, वारा लागतो, असं काहीसं. पण तोवर कप्तानाच्या डोक्यात प्रकाश पडला होता. अस्पृश्यतेविषयी त्याने कुठेतरी वाचलं असावं. तो ताडकन उठला. मी इथे असेपर्यंत जन्मावरून कुणाला दाराबाहेर ठेवलेलं मी सहन करणार नाही, असं म्हणत व्हरांड्यात गेला, सांधेवाल्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन आला. त्या वेळी त्याचा चेहरा खरोखर सुंदर दिसत होता. त्यात ढोंग अजिबात नव्हतं. शास्त्रीबुवांनी उपरणं गोळा करून मांडीखाली घेतलं.

पण वकीलसाहेब वकील होते. कोर्टात हरलेला माणूस अपिलात जातो. ते उभे राहिले, हात जोडले आणि अस्खलित इंग्रजीत म्हणाले, "कप्तानसाहेब, आपण आमचे डोळे उघडलेत. आमच्या देशात बाकी कितीही दोष असोत, कातडीच्या रंगावरून आम्ही भेद करत नाही. आपला ड्रायव्हर मघापासून बाहेर बसला आहे. तोही आमचा पाहुणाच. त्यालाही आत बोलवावं."

कप्तान म्हणाला, "तो तिथे ठीक आहे."

"छे छे! पाहुणा दाराबाहेर बसलेला आम्हाला कसा चालेल?"

आता दोघंही एकमेकांच्या घरातली घाण काढायला कंबर कसून उभे होते. दोघांच्याही बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. कप्तानाने ओठ दाबले आणि दाराशी जाऊन हाक मारली. ड्रायव्हर टोपी हातात घेऊन आत आला. काय चुकलं ते त्याला कळेना. शेवटच्या बाकावर, सांधेवाल्याशेजारी, त्याला बसवलं. त्या बाकावरचे तिघे सज्जन उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. वारा लागत असावा.

आभारप्रदर्शनानंतर चहा आला. वाचनालयाचा शिपाई फार समजदार माणूस होता. त्याने कुणाला न विचारता कप्तानाला नक्षीची कपबशी दिली, सभासदांना साधी दिली आणि शेवटच्या बाकावर कान तुटलेले दोन कप नेऊन ठेवले, दोघांना दोन. याबद्दल मात्र वकीलसाहेबांना किंवा कप्तानाला, कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. दोन्ही देशांचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

मी माझी कपबशी टेबलावर ठेवली आणि मागच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो. सांधेवाला कपाकडे बघत होता. म्हणाला, "ह्याला सांगा मास्तर, ह्यो कप काय हाय त्ये."

मी सांगितलं. ड्रायव्हरने कप उचलून सगळीकडून पाहिला आणि परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "आमच्या गावी पाण्याचे नळसुद्धा वेगळे आहेत."

मी ते मराठीत सांगितलं. सांधेवाल्याच्या भुवया वर गेल्या.

"नळ? वायले नळ हाइत?" तो म्हणाला. "आरं वा! लय पुढं गेलाय की मुलूख. आमच्याकडं तर हिरीजवळ जायाचं काम न्हाई."

मी हे भाषांतर करावं की नाही या विचारात होतो. पण ड्रायव्हरने माझी बाही धरली, तो काय म्हणाला ते सांगा म्हणून. मी सांगितलं. तो हसत सुटला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसला. सांधेवालाही हसायला लागला. पुढच्या रांगेत कप्तान आणि वकीलसाहेब वळून पाहू लागले आणि हे लोक मजेत आहेत हे पाहून दोघांनाही बरं वाटलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी चहा घेतला नाही. ड्रायव्हरने सिगारेटचं पाकीट पुढे केलं, तेवढी एकेक मात्र ओढली. वाचनालयात धूम्रपानाला बंदी होती. पण ती पाटी इंग्रजीत नव्हती, आणि मराठी वाचणाऱ्याने तिच्याकडे बघितलं नाही.

जाताना मी सांधेवाल्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो. मला बोलायची खुमखुमी होती. मी त्याला समजावून सांगायला लागलो, की हे सगळं मुळात पोटाचं भांडण आहे. मालकांना मजुरांत फूट हवी असते. उद्या सगळ्यांना सारखी मजुरी मिळाली, की काळा-गोरा, शिवाशिव, सगळं आपोआप गळून पडेल.

तो थांबला. "मास्तर, तुमाला पगार किती?"

मी सांगितला.

"मला तुमच्याऊन जास्त हाय," तो म्हणाला. "रेल्वेची नोकरी हाय माजी. आन कान तुटका कप कुणाला आला?"

माझ्या मासिकांत याचं उत्तर नव्हतं. मी मुंबईच्या मित्राला विचारून बघतो म्हटलं. मित्राचं उत्तर पुढे सविस्तर आलं. त्याचं म्हणणं असं, की सांधेवाल्याचा प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडलेला आहे.

आठवड्याभरात गंमत झाली. वकीलसाहेब कामासाठी पुण्याला गेले होते. तिथे चार मित्रांत बसून त्यांनी अमेरिकन कप्तानाची कशी जिरवली ते रंगवून सांगितलं. त्यांतला एक मित्र वर्तमानपत्रातला निघाला. दोन दिवसांनी पेपरात छापून आलं, की लोणावळ्याच्या वाचनालयात जातीचा व रंगाचा कोणताही भेद मानला जात नाही आणि तिथल्या अध्यक्षांनी हे एका अमेरिकन अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवून दिलं. तोच पेपर हातात घेऊन सांधेवाला वाचनालयाच्या दारात हजर. या वेळी खिडकीशी नाही, दारात.

"अध्यक्षसायेब, हितं छापलंय त्ये खरं का?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोटं म्हणावं तर आपणच सांगितलेलं. "खरं तर," ते म्हणाले, "खरंच आहे."

"मंग येऊ का आत?"

असा तो सभासद झाला. शास्त्रीबुवांनी आणि आणखी काही जणांनी वाचनालय सोडलं. वकीलसाहेबांनी मात्र सोडलं नाही. एकदा आपल्या नावावर चढलेला मोठेपणा त्यांना टाकवेना. पुढे पुढे तर ते स्वतःच त्याला 'या, बसा' म्हणायला लागले. सुरुवातीला ते म्हणताना त्यांचा घसा बसल्यासारखा व्हायचा, नंतर तो सुटला. माणसं चांगल्या कामाला वाईट कारणाने लागतात आणि मग त्यांना सवय होते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. माझ्या तत्त्वज्ञानात त्यालाही जागा नव्हती, पण मी करून घेतली.

कप्तान पुन्हा आला नाही. पावसाळ्याआधी तंबू उठले आणि ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे ट्रक एकाच रस्त्याने, पण वेगवेगळ्या दिवशी गेले.

युद्ध संपलं, आणि थोड्याच दिवसांत सांधेवाल्याची बदली दूरच्या एका जंक्शनवर झाली. दिवाळीत तो घरी आला तेव्हा मला भेटायला आला. तिथेही वाचनालय होतं. तो सरळ आत जाऊन बसला, तर चिटणीस धावत आला.

"म्या म्हटलं, लोणावळ्यात आमी आत बसतो. तुमचं काय वायलं हाय?"

"मग काय म्हणाला?"

"म्हनला, लोणावळ्याची गोष्ट सोडा. तितं गोरे सायेब येत्यात."

"मग तू काय केलंस?"

सांधेवाल्याने पायातल्या वहाणा झटकल्या, उठला आणि जायला निघता निघता म्हणाला, "काय करायचं? बसलोय तितंच. रोज जातो. अजून कुणी उठीवलं न्हाई, आन कुणी शेजारीबी बसलं न्हाई."