जुळवायच्या राहिलेल्या चौकटी

मुलीनं आणलेल्या कॅलेंडरवर एक परदेशी चित्र आहे. बाईचा एक डोळा समोर बघतोय, दुसरा पार कानाशी गेलाय. "बाबा, कसं वाटतं?" तिनं विचारलं.

"चौकटी जुळवायच्या राहिल्यात," मी चिडून म्हणालो. जन्मभर मी फोटोवर चौकटी आखून लोकांच्या गेलेल्या माणसांचे चेहरे कागदावर हातानं मोठे काढून दिले. चेहरा जुळला की रेघा पुसायच्या. असलं काम गिऱ्हाईकानं तोंडावर फेकलं असतं.

दुपारी बसून मी ती बाई कागदावर माझ्या पद्धतीनं सरळ केली. डोळे, नाक, ओठ जागच्या जागी आले. मुलगी बघत राहिली. "छान आहे. पण ही कोण?"

मी कागद उलटा करून ठेवला. मुलीची आई जाऊन दोन वर्षं झाली. आता तीही मला तुकड्यांनीच आठवते. भाकरी थापतानाचा एक गाल, वेणी घालतानाचा पाठमोरा कान, दारातून वळून बघणारा डोळा. अख्खा चेहरा येतच नाही.

संध्याकाळी नव्या कागदावर चौकटी आखल्या आणि गाल, कान, डोळा आठवले तसेच काढले. रबर शोधायला उठलो, तर मागं मुलगी उभी होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "रेघा पुसू नका."