निवांत खोली

आमची ही पडद्यांच्या कापडासाठी नक्षी काढते. वर्षानुवर्षं तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांच्या गोंगाटात काम केलं. मुलाने हौसेने स्वतंत्र खोली दिली आणि हिचा हातच चालेना. टेबल कधी खिडकीशी, कधी भिंतीशी. टोक काढून काढून पेन्सिली बोटभर उरल्या. नक्षी तर उद्याच द्यायची होती.

"आई, आता तरी निवांत बस ना!"

"निवांतपणाच खायला उठतोय रे!"

मग तिने मला हाक मारली. "अहो, इथे बसा आणि बोलत राहा."

"मी? काय बोलू?"

"काहीही. फक्त नक्षीचं विचारू नका."

मी चाचरत गुडघेदुखीपासून सुरुवात केली. ती नुसतं "हं, हं" करत होती, पण कागदावर वेल सरकू लागली. आता गप्प बसायची माझी हिंमत होईना.