दात आंबवणारी वाइन

माझी मावशी जन्मभर लोकांच्या कवळ्या करत आली. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर तिची कामाची खोली होती. प्लास्टरची पोती, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. शाळा सुटली की मी थेट तिथेच जायचे. ते जबडे मला हसतात असं मला वाटायचं. मावशी म्हणायची, हसतायत कसले, बोलायची वाट बघतायत. रस्त्यात कुणी भेटलं तर ती आधी त्याच्या तोंडात बघायची आणि मग चेहऱ्याकडे. तिच्यासमोर दात काढून हसायची माझी अजूनही छाती होत नाही.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, फ्रिज दुरुस्त करायचे. दिवसभर थंडीशी झटापट करून संध्याकाळी पुन्हा थंडीतच यायचे, कारण त्यांचं घर गावाच्या वरच्या अंगाला उतारावर होतं आणि तिथे उन्हाळासुद्धा स्वेटर घालून यायचा. त्या उतारावर काकांनी एके वर्षी द्राक्षाचे वेल लावले. लाल वाइन करायची होती त्यांना. गरम मुलुखातली द्राक्षं म्हणजे लाडावलेली पोरं, बसल्या जागी पिकतात आणि गोड गोड बोलतात. थंडीतल्या वेलाला धडपडून पिकावं लागतं, म्हणून त्याच्या वाइनला काहीतरी सांगण्यासारखं असतं, असं त्यांचं म्हणणं. शेजारी हसले. मावशीने तर कडी केली. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, द्राक्षं काय फक्त कोल्ह्यालाच आंबट लागतात होय, आमच्याकडे पाहुण्यांनाही लागतात.

आणि ती खोटं बोलत नव्हती. काकांच्या वाइनच्या पहिल्या घोटाला दात आंबायचे, दुसऱ्याला डोळा मिटायचा आणि तिसऱ्याला पाहुण्याला घरी राहिलेलं काम आठवायचं. काका म्हणायचे, जरा मुरू द्या. पण मुरायला ती उरायची कुठे? माणूस उदार, दारात आलेल्या प्रत्येकाच्या हातात बाटली द्यायचा. पोस्टमन काकांच्या दारावरून फार भरभर सायकल मारायला लागला, तो तेव्हापासूनच.

वर्षातून एकदा, द्राक्षं तोडून झाली की एका रविवारी दुपारी, ते चाखण्याचा घाट घालायचे. दुकानातून थंड भागातल्या दोन-तीन लाल वाइन आणायचे, त्यांच्यात आपली एक बाटली ठेवायचे आणि कुठली कुठली ते कळू नये म्हणून सगळ्यांना जुन्या स्वेटरच्या कापलेल्या बाह्या चढवायचे. आकाशाला गवसणी घालता आली नाही, निदान बाटलीला तरी घाला, असं मावशी म्हणायची आणि त्या बाह्यांच्या कडा स्वतःच नीट शिवून द्यायची. नियम दोनच. ज्याला क्रम माहीत त्याने तोंड उघडायचं नाही, आणि नाकाने कांदे सोलायचे नाहीत. जे लागलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. मावशीचा भाऊ, माझा मामा, गाडी चालवायला शिकवायचा. तो वाइनचंही वर्णन ब्रेक आणि क्लचमध्ये करायचा. पांढऱ्या टेबलक्लॉथवर मधोमध थुंकायला चिनी मातीचा वाडगा, खिडकीच्या काचांवर वाफ, सगळ्यांचे दात जांभळे, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात मावशीने दिलेला नवा ब्रश. तसं घर पुन्हा कुठे भेटलं नाही मला. कधी कधी चालू कामातून उठून त्या टेबलाशी जाऊन बसावंसं वाटतं.

काका गेले ते झोपेतच गेले. वेलांकडे बघायला कुणी उरलं नाही, ते दोन हिवाळ्यांत वाळले. मावशी काम करत राहिली.

तिने काम थांबवलं तेव्हा तिची खोली आवरायला मी आणि मामा गेलो. प्लास्टरच्या शेवटच्या पोत्यामागे एक बुटकी बाटली निघाली. लेबल नाही, बुचावर गुलाबी मेण थापलेलं. मावशी ती बाटली पुसत खाली बसली. काकांच्या शेवटच्या तोडणीची होती. पिंपातली तळाची वाइन त्यांनी त्या बाटलीत भरली आणि मावशीने आपल्या मेणाने तोंड बंद केलं होतं. मी म्हटलं, आत्ताच उघडू. ती नाही म्हणाली. पूर्वीसारखं चाखायला बसायचं, चारांत एक ठेवायची, आणि ती ओळखणार. मामाने विचारलं, नाहीच ओळखलीस तर? ती म्हणाली, इतकी वर्षं नवरा सांभाळला, त्याची वाइन ओळखणार नाही?

मामा गेल्यावर बेसिनपाशी हात धुताना मात्र ती वेगळंच बोलली. "ह्यांचा आवाज आठवत नाही गं हल्ली. चेहरा राहिलाय, तो फोटोमुळे. चव तेवढी माझ्या एकटीची आहे."

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं बसलो. स्वयंपाकघरात मी चारही वाइन गाळ मागे ठेवत सारख्याच काचेच्या सुरयांत ओतल्या आणि वर बाह्या चढवल्या. तीन दुकानातल्या, तिन्ही थंड डोंगराळ भागांतल्या. काकांच्या वाइनला मी निळी बाही घातली. बाटली इतकी लहान की तिघांना थोडी थोडी ओतली की संपणार होती.

पहिली हिरव्या बाहीतली. तिला मिरीचा वास होता. मामा म्हणाला, वळणावर उगीच हॉर्न वाजवते. मग तपकिरी, चेरीची चव असलेली, इतकी पातळ की ग्लासातून टेबलक्लॉथची वीण दिसत होती. हिला पुढचे दात आहेत, दाढा नाहीत, असा मावशीने निकाल दिला.

मग निळी ओतली. मामाने ग्लास पांढऱ्या कापडावर तिरका धरला. कडेला रंग विटकरी झाला होता. जुनी आहे, तो म्हणाला. घोट घेऊन त्याने ग्लास पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाला, गियर कधी बदलला कळलंच नाही. मावशीने घोट तोंडात फिरवला, जीभ दातांवरून नेली. पावसात भिजलेल्या पानांचा वास आहे, तुरटपणा कसा मऊ झालाय, ती म्हणाली. "ही कुणातरी जाणत्या माणसाची. आमच्या ह्यांच्या हातून असली व्हायची नाही."

आणि पुढचीसाठी ग्लास रिकामा हवा म्हणून उरलेली सगळी तिने वाडग्यात ओतून दिली.

मी अर्धवट उठले होते. मुंगी चावली का, तिने विचारलं. मी बसले. क्रम मला माहीत होता, आणि नियम म्हणजे नियम. मामाने मात्र आपला ग्लास तसाच ठेवला. पुढची त्याने पाण्याच्या पेल्यात घेतली.

चौथी राखाडी बाहीतली, रंगाने लालभडक. मावशीने घोट घेतला, तिचा एक डोळा मिटला आणि हात गालावर गेला.

"हीच," ती म्हणाली.

मामा म्हणाला, माझे दात नाही आंबले. तुझे आंबतील कसे, ते मी केलेत, मावशी म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. ग्लास दोन्ही हातांत धरून ती बोलत राहिली. वेलांत फ्रिजचा थर्मामीटर टांगून काका पहाटे बघायला जायचे, परत आले की ते गार हात तिच्या मानेवर ठेवायचे, ती ओरडायची. "आवाजसुद्धा आला बघ कानात," ती मला म्हणाली. "अगदी तस्साच."

मामाने सांगितलं, चला, आता खरं काय ते दाखव. मी आत जाऊन मूळ बाटल्या आणल्या आणि ज्या त्या सुरईसमोर ठेवल्या. हिरवीसमोर, तपकिरीसमोर, राखाडीसमोर दुकानातल्या. शेवटी गुलाबी मेणाची बुटकी बाटली निळ्या बाहीसमोर ठेवली. असं काम पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये.

मावशी त्या बाटलीकडे बघत राहिली, मग वाडग्याकडे. वाडग्यात सगळं एक झालं होतं.

"मुरली तर," ती म्हणाली. "आणि मी ओतून टाकली."

मामाने आपला ग्लास तिच्यापुढे सरकवला. तळाशी दोन घोट होते. उष्टी आहे, एवढंच तो म्हणाला. मावशीने सगळं आयुष्य लोकांच्या तोंडांत काढलेलं. कुणाच्या उष्ट्या चमच्याला ती हात लावत नाही, माझ्याही नाही. तिने ग्लास उचलला. पहिला घोट घेऊन ती थांबली. मग डोळे मिटून दुसरा घेतला आणि खूप वेळाने गिळला.

"चांगली झालीय हो," ती म्हणाली.

मामाला ती अरेतुरे करते, मला अगं म्हणते. अहोजाहो तिने घरात एकाच माणसाला केलं.